चौदा दिवस हात लावायचा नाही

पेटीचं झाकण नीट लावलेलं होतं, आणि बी-युनला आधी खटकलं ते हेच. आतला दिवा बंद होता. पाण्याचं भांडं घासून, पुसून, पालथं घातलं होतं. साप आपला आपण निसटला असता तर झाकण सरकलेलं दिसलं असतं, भांडं लवंडलेलं दिसलं असतं. पळून जाणारा जीव मागची आवराआवर करत बसत नाही. ही आवराआवर माणसाची होती, आणि या घरात माणसं दोनच. एक ती स्वतः. दुसरा तिचा नवरा चिन-श्योंग, जो स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळत बसला होता.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. त्या दिवशी पुली गावात घरोघरी या गोळ्या गोड पाकात उकळतात, आणि गोळी खाल्ली की माणूस एका वर्षानं मोठा झाला असं धरतात. बी-युन ज्या हातकागदाच्या कारखान्यात कामाला होती तिथंही म्हणून अर्धी सुट्टी होती, आणि ती अकरालाच घरी आली होती. चिन-श्योंगनं लग्नाच्या तीस वर्षांत पिठाला कधी बोट लावलं नव्हतं. आज तो गोळ्या वळत होता, यातच सगळं आलं.

"ती कुठंय?" बी-युननं विचारलं.

"कोण?"

"चिन-श्योंग, मी एकदाच विचारणार आहे."

त्यानं हातातली गोळी ताटात ठेवली. ती लिंबाएवढी झाली होती. "ताई आली होती सकाळी," तो म्हणाला.

मग थोडं थोडं करत सगळं बाहेर आलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण सू-झू. ती देवळातल्या एका मंडळात होती. ही मंडळी पिंजऱ्यातले पक्षी, टोपल्यांतले मासे, पिशव्यांतले साप विकत घेऊन नदीवर सोडतात आणि सोडलेल्या जिवांचं पुण्य आजारी माणसाच्या नावावर लावतात. बी-युनच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ निघाली होती आणि मंगळवारी शस्त्रक्रिया होती. सू-झूचं म्हणणं असं की जो माणूस चार वर्षं एक जीव पेटीत कोंडून ठेवतो, त्याच्या गळ्यात गाठ येणार नाही तर काय हार येणार? डॉक्टरांचं डॉक्टर करतील, आपण आपलं करावं. तेव्हा आज सकाळी मंडळाचा एक माणूस जाड हातमोजे घालून आला, त्यानं सापाला मानेशी धरलं आणि उशीच्या अभ्र्यात घातलं.

"मानेशी?" बी-युन म्हणाली.

"त्याला सवय आहे म्हणत होता."

"आणि तू काय करत होतास?"

"मी अभ्रा धरला होता."

बी-युनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडावं असं तिला वाटलं, पण गाठीमुळे ओरडलं की गळ्यात कळ यायची. ती हळू आवाजात म्हणाली, "मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो," चिन-श्योंग म्हणाला. निदान खोटं बोलला नाही. पण खरं बोलण्यालाही एक वेळ असते आणि त्याची ती टळून गेली होती.

बी-युननं खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरांच्या माथ्यावरून ढग खाली उतरत होते. रेडिओवर सकाळपासून सांगत होते की दुपारनंतर थंडीची लाट येईल, रात्री पारा सातावर उतरेल. साप आफ्रिकेतल्या जातीचा होता, पेटीत जन्मलेला, दिव्याच्या उबेवर वाढलेला. सात अंशांत तो आधी सुस्तावेल, मग त्याची छाती भरेल, मग संपेल. हातात होती ती एक दुपार, तीही वर्षातली सगळ्यात छोटी.

तिनं गरम पाण्याची मोठी बाटली भरली, जाड जाकीट घातलं आणि स्कूटर काढली. चिन-श्योंग पिठाच्या हातांनी दारापर्यंत आला, मीही येतो म्हणाला. ती म्हणाली, तू गोळ्या वळ.

साप खरं तर तिचा नव्हताच. तिची मुलगी यू-छेन कॅनडाला शिकायला गेली तेव्हा दोन आठवड्यांपुरता म्हणून ठेवून गेली होती. पोरींचे दोन आठवडे असेच असतात. पावणेतीन हात लांबीची बिनविषारी मादी, तपकिरी अंगावर पिवळट ठिपके. घाबरली की डोकं आत घालून स्वतःची अशी घट्ट गुंडाळी करायची की यू-छेननं तिचं नाव तांगयुआन ठेवलं होतं, म्हणजे तीच पाकातली गोळी.

पहिल्या महिन्यात बी-युन तिला घाबरायची. पेटी साफ करायला ती कारखान्यातल्या भट्टीजवळचे हातमोजे घालून वरून झडप घालायची आणि तांगयुआन चावायची. दोघी एकमेकींना चोर समजत होत्या. शेवटी यू-छेननं फोनवर सांगितलं, आई, वरून हात घालू नकोस. वरून येते ती घार. बाजूनं हात घाल, खाली टेकव, तळवा वर कर आणि विसरून जा. तिला यायचं असेल तेव्हा येऊ दे.

विसरून जाणं बी-युनला जमण्यासारखं होतं, कारण तिचं कामच तसलं. कारखान्यात ओला कागद चळतीवरून सोलायचा, दोन टोकांना धरून उचलायचा, वाफेनं तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टेकवायचा आणि ब्रशनं सपाट करायचा. हात जरा कचरला की कागद फाटतो, आणि घाई केली की सुरकुततो. सव्वीस वर्षं तिनं हे केलं होतं. रागावलेल्या बाईचे कागद वेगळे ओळखू येतात असं कारखान्यातल्या जुन्या बाया म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

तर ती रोज संध्याकाळी हात पेटीत टेकवून बसायची आणि बातम्या बघायची. नवव्या दिवशी जीभ हाताला लागली. विसाव्या दिवशी हनुवटी. दीड महिन्यानं सगळा साप तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत चढला आणि तिथंच थांबला. पत्र्यावर काम करून तिचे हात सदा गरम असायचे, हेही कारण असेल. बी-युन काही भोळी नव्हती. सापाला माया कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याला एवढंच कळतं की हा हात दुखवत नाही. पण हा हात दुखवत नाही एवढं तरी आपल्याबद्दल किती जणांना छातीठोक सांगता येतं?

आणि गाठ निघाल्यापासून तर तेच एक ठिकाण राहिलं होतं. बाकी सगळे तिला सल्ले द्यायचे. वन्सं काढे आणायच्या, शेजारीण देवळाचा अंगारा आणायची, नवरा रात्री तिचा श्वास चालू आहे का बघायचा. तांगयुआन नुसती हातावर बसायची.

नदीच्या वळणावर, मंडळाच्या नेहमीच्या जागी, ती पोचली तेव्हा कार्यक्रम उरकला होता. मंडळाच्या बाया टेबलांच्या घड्या घालत होत्या, एक जण ध्वनिक्षेपकाची तार गुंडाळत होता, रिकाम्या टोपल्यांची चळत लागली होती. सू-झू तपकिरी झग्यात उभी राहून सगळ्यांना संत्री वाटत होती. बी-युनला बघून तिचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं, आता ही आपल्याला मिठी मारणार.

"आलीस? अगं, काय सुंदर झालं," ती म्हणाली. "तुझं नाव सगळ्यात वर लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. बांबूला टांगलेल्या लाल कागदावर, पहिल्याच ओळीत: ल्याओ बी-युन, एक जीव मुक्त केला, रोगनिवारणार्थ. कागद तिच्याच कारखान्यातला होता. कडेला ब्रशची वळणं दिसत होती आणि ती कदाचित तिच्याच हातची होती. तिनं तो कागद बांबूवरून उतरवला, चार घड्या घातल्या आणि जाकिटाच्या खिशात ठेवला. 

"वन्सं, कुठं सोडलंत?"

"त्या बांबूच्या बेटाशी. अगं, पण जाईचना. अभ्रा उलटा केला तरी आतच चिकटून बसली. मग त्या माणसानं काढली तर त्याच्याच मनगटाला विळखा घालून बसली. शेवटी झटकावी लागली. वर पाणी शिंपडलं तेव्हा कुठं हलली. बघ, जनावराला सुद्धा बंधनाचा किती मोह."

बी-युनला आधी ते ऐकूच गेलं नाही, आणि मग एकदम ऐकू गेलं. मनगटाला विळखा घातला. माणसाच्या मनगटावर काही वाईट होत नाही, हे तांगयुआनला तिनंच चार वर्षं लावून शिकवलं होतं. ते शिकलेलं होतं म्हणून तिनं एका परक्या माणसाला धरून ठेवलं, आणि त्यानं झटकलं.

"तो मोह नव्हता, वन्सं," ती म्हणाली. "तो विश्वास होता. आणि तो मी शिकवला होता. मी शिकवला नसता तर निदान चावून तरी सुटली असती."

"मी तुझ्यासाठीच केलं गं."

"ठाऊक आहे. त्याचाच तर राग येतोय. शत्रूनं केलं असतं तर एक शिवी घालून मोकळी झाले असते."

सू-झूच्या हातात संत्रं तसंच राहिलं. ही तीच बाई, जिनं स्वतः जन्माची शाकाहारी असून यू-छेनच्या बाळंतपणात महिनाभर रोज तिळाच्या तेलात कोंबडी शिजवून बी-युनला भरवली होती, नाकाला रुमाल लावून. त्या महिन्याची आठवण बी-युनला नेमकी आत्ता आली आणि राग कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. उपकार करणाऱ्या माणसावर रागावणं फार दमवणारं असतं.

बांबूच्या बेटात ती तासभर शोधत होती. वारा उलटा फिरला होता, पाण्यावरून थंड येत होता. सू-झू मागे मागे येत होती आणि तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. इतक्यात खालच्या अंगानं एक मध्यमवयीन माणूस आला. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात लोखंडी आकडा, खांद्यावर गोणी. गोणी हलत होती.

त्याचं नाव आ-थिएन. मंडळाला साप आणि पक्षी पुरवणारा तोच, आणि मंडळ घरी गेलं की ते परत गोळा करणाराही तोच. लपवाछपवी काही नव्हती. ते सोडतात, मी पकडतो, असं त्यानं सांगितलं, कुणाचंच काही अडत नाही. गोणीतल्या एका धामणीला तो ओळखत होता, तिची ही पाचवी मुक्ती होती.

सू-झूनं हे सगळं ऐकलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं माझं घर चाललं की, आजी," आ-थिएन म्हणाला. "पुण्य नाही कसं?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी बी-युन यावर पोट धरून हसली असती. आज तिनं विचारलं, ठिपक्यांची बुटकी परदेशी मादी दिसली का? आ-थिएननं मान हलवली. इथले साप पाण्याकडं जातात, तो म्हणाला, पण तुमची ती गरमीची पोर, ती ऊब हुंगत जाणार. मग त्यानं रस्त्याकडं बघितलं. रस्त्यापलीकडं शेवयांचा कारखाना होता. तिथलं तांदळाचं कोमट पाणी सिमेंटच्या एका नळातून रस्त्याखालून नदीत यायचं.

"आज तिथंही अर्धी सुट्टी, मावशी," तो म्हणाला. "नळ गार होत चालला असेल."

नळ गुडघाभर उंचीचा होता. बी-युन ओल्या सिमेंटवर पोटावर आडवी झाली आणि आ-थिएननं विजेरी धरली. दीड हात आत, पाण्याच्या रेघेच्या वर, एका कपारीत तांगयुआन होती. गुंडाळी करून बसलेली. पण डोकं आत नव्हतं. ते बाहेर होतं, मान मागे ओढून वाकडी केलेली. ती चावण्याच्या बेतात होती.

आ-थिएननं आकडा पुढं केला. शेपटीला लावतो आणि ओढतो, दोन मिनिटांचं काम, असं तो म्हणाला.

"ओढलंत तर आकडा तुमच्याच अंगात घालीन," बी-युन म्हणाली. आ-थिएननं आकडा खाली ठेवला.

तिनं बाटलीतलं गरम पाणी हातांवर ओतलं, पुसलं, उजवा हात बाजूनं आत सरकवला आणि तांगयुआन चावली. अंगठ्याच्या मुळाशी. त्या पहिल्या महिन्यानंतर पहिल्यांदाच. बी-युननं हात मागं घेतला नाही. हात ओढला की सापाचे दात तुटतात आणि तो शिकतो की चावलं की हात पळतो. तिनं दात आवळून हात तिथंच ठेवला. तांगयुआननं सोडलं आणि परत मागे झाली.

दुखण्याचं काही नव्हतं. नवऱ्यानं अभ्रा धरला होता, त्या माणसानं मानेशी पकडलं होतं, सगळ्यांनी पाणी शिंपडलं होतं, आणि चावा मात्र तिला मिळाला होता. वड्याचं तेल वांग्यावर. तिला वाटलं की उठावं आणि नदीतला धोंडा घेऊन त्या घडी घातलेल्या टेबलांचा भुगा करावा. आणि हे असं वाटत असताना तिचा हात सापापुढं होता, आणि रागावलेल्या हाताची नाडी कशी उडते हे जिभेला कळतं.

मागं पावलं वाजत होती. सू-झू रस्त्याच्या कडेला येरझारा घालत मोठ्यानं मंत्र म्हणत होती.

"वन्सं," बी-युन मान न वळवता म्हणाली. "तोंड बंद. आणि पाय आपटू नका. तिला पाय ऐकू येतात."

सू-झू जागच्या जागी थांबली. तीस वर्षांत भावजय तिला असं बोलली नव्हती. ती मटकन खाली बसली आणि गप्प झाली.

मग बी-युननं राग बाहेर काढून ठेवला. गेला नाही. कोण म्हणतं राग जातो म्हणून? दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला बाहेर काढून ठेवतो तसा ठेवला. चपला कुठं जात नाहीत, निघताना घालायच्याच असतात. मनात ती कागद लावू लागली. सोल. उचल. टेकव. ब्रश मधून कडेला, मधून कडेला. दुसरा कागद. सोल. उचल. हात तळवा वर करून सिमेंटवर पडला होता आणि अंगठ्यातून रक्त ओघळत होतं. ती हाताला विसरली.

पन्नासाव्या कागदाच्या पुढं कधीतरी जीभ लागली. तिनं हालचाल केली नाही. मग हनुवटी, थंडगार, ओली. मग बराच वेळ काहीच नाही. आ-थिएनला खोकला आला तो त्यानं गिळला. आणि मग तांगयुआन इंच इंच करत तळव्यावर आली, मनगटावर आली, आणि बाहीच्या आत शिरू लागली, कारण तिथं ऊब होती. बी-युननं दुसरा हात खालून आधाराला दिला. सगळं अंग तोललेलं आहे अशी खात्री झाल्यावरच ती मागं सरकली, उठून बसली आणि साप जाकिटाच्या आत पोटाशी घेतला. तिचं पोट थंडीनं शहारलं.

"ही खरंच आली की हो, मावशी," आ-थिएन म्हणाला. "मला वाटलं, उगाच सांगताय."

"ऊब बघून आली," बी-युन म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिला ते यायला नको होतं.

घरी येईपर्यंत तीन वाजले होते. पेटीचा दिवा लागला, तांगयुआन आडोशाच्या खोक्यात शिरली. बी-युननं पाण्याचं भांडं ठेवायला हात आत घातला तर आतून जोरात फुसकारा आला. तिच्या हातावर फुसकारा. नळात गरज होती म्हणून आली, आता गरज नव्हती. चार वर्षं एका सकाळीत पुसली गेली होती. बी-युननं झाकण लावलं आणि बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायांत घातल्या.

चिन-श्योंग आणि सू-झू जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तीन वाडग्यांत गोळ्या वाढलेल्या, कुणी खाल्लेल्या नव्हत्या.

"सापडली ना," चिन-श्योंग म्हणाला. "झालं तर मग."

"काही झालं नाही," बी-युन म्हणाली. "ऐका. माझ्या गळ्यात गाठ आली. माझ्या. डॉक्टरांनी मला विचारून तारीख दिली, मला विचारून कागदावर सही घेतली. ते परके. आणि तुम्ही घरचे. तुम्ही माझं दुखणं घेतलं, माझा साप घेतला, माझं नाव घेतलं आणि लाल कागदावर चढवलं. पुण्य माझ्या नावावर. ती नळात मेली असती तर ते पाप कुणाच्या नावावर चढवणार होतात?"

सू-झूनं डोळे पुसले. चिन-श्योंग म्हणाला, "मी घाबरलो होतो गं. मंगळवारी तुला काही झालं तर, असं सारखं..."

"घाबरलेली माणसं काय करतात ते मी आज बघितलं. घाबरलेला साप बरा. तो निदान स्वतःची गुंडाळी करून बसतो, दुसऱ्याच्या पेटीत हात घालत नाही."

तिनं खिशातला लाल कागद काढला, टेबलावर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग तो पेटीच्या काचेवर चिकटवला. त्यावर होतं: चौदा दिवस हात लावायचा नाही. समजूत घालायची नाही. पाणी बदलायचं, ऊब ठेवायची, जवळ बसायचं, गप्प बसायचं.

"भेदरलेल्या सापाला एवढं लागतं," ती म्हणाली. "मी दवाखान्यात असेन तेव्हा हे चिन-श्योंग करेल. रोज तास-दोन तास इथं बसायचं, चौदा दिवस झाले की हात कसा टेकवायचा ते आज शिकवते."

चिन-श्योंगनं मान डोलावली. तो चार वर्षांत पहिल्यांदा पेटीच्या इतक्या जवळ आला होता. तिनं दाखवलं तसा त्यानं टेबलावर हात ठेवून बघितला, बाजूनं, तळवा वर. हात कापत होता. बी-युन म्हणाली, वजन सोड. तो म्हणाला, सोडलंय. ती म्हणाली, नाही सोडलंस.

निघताना सू-झू दारात थांबली. "अजून रागावलीयेस का माझ्यावर?" तिनं विचारलं.

"हो," बी-युन म्हणाली. "आणि त्या कागदावर लिहिलंय ते मलाही लागू आहे. दोघांनीही वाचून ठेवा."

दोघांनीही वाचलं. सू-झू दुसऱ्या दिवशी आली, काढा न आणता. सोफ्याच्या टोकाला तासभर बसली आणि गेली. चिन-श्योंगनं रोज सकाळी सापाचं पाणी बदललं आणि बी-युनच्या उशाशीही पाण्याचा पेला भरून ठेवला. रात्री तो तिचा श्वास बघायला वाकला नाही. भिंतीकडं तोंड करून जागा राहिला, हे तिला कळत होतं. तिला त्याची कीव आली नाही. येईल असं तिला वाटलं होतं, पण नाही आली.

मंगळवार हा पाचवा दिवस. दवाखान्यात पहाटेपासून उपाशी ठेवून तिला हिरवा झगा घातला आणि ढकलगाडीवर झोपवून रांगेत लावलं. चिन-श्योंग शेजारी खुर्चीवर होता. सकाळी निघताना साप आडोशातून अर्धा बाहेर आला होता, एवढं त्यानं तिला सांगितलं आणि मग तो गप्प बसला. समोरच्या गाडीवरच्या म्हाताऱ्याची बायको त्याचे दोन्ही हात चोळत होती. चिन-श्योंगनं तिकडं पाहिलं. मग त्यानं आपला हात उचलला, बाजूनं आणला, बी-युनच्या चादरीवर टेकवला आणि तळवा वर केला.

हात कापत होता. बी-युन त्याच्याकडं बघत राहिली. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं हाताचं वजन चादरीवर आलं. कापणं थांबलं.

ती अजून रागावलेली होती. शस्त्रक्रियेला जातानाही रागावलेलं असता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं त्याचा हात धरला नाही. पण पोटावरचा स्वतःचा हात तिनं काढला आणि त्याच्या हाताशेजारी आणून ठेवला, बोटभर अंतरावर. नर्सनं तिचं नाव पुकारलं आणि गाडीची चाकं हलली, तेव्हा चौदातले नऊ दिवस बाकी होते.